बत्तीसच्या जागी तेहतीस

आमच्या घरमालकांइतका कानाने जगणारा माणूस सबंध कोल्हापुरात दुसरा नसेल. बाकीची माणसं वस्तू डोळ्यांनी बघतात, हाताने चाचपतात, नाकाशी नेतात. आमचे मालक, म्हणजे काका, ती वाजवून बघतात. कलिंगड आणि नारळ सगळेच वाजवतात, त्यात नवल नाही. पण काका पाटावर बसायच्या आधी पाट वाजवतात, बादली वाजवतात, पापड मोडताना तो कानाशी धरतात आणि पापड नीट बोलला नाही तर काकूंना म्हणतात, "औंदा उडीदडाळ भिजकी मिळालीय तुला." चप्पल लाईनीत त्यांनी एकदा करकर वाजणाऱ्या चपलांचे इतके जोड घालून पाहिले की शेवटी दुकानदार स्टूल घेऊन बाहेर जाऊन बसला. त्यातला जो जोड काकांनी घेतला तो त्यांना एका बोटाने आखूड होता. काकू म्हणाल्या, "पाय तरी मावतोय का त्यात?" काका म्हणाले, "पाय मावंल हळूहळू. आवाज मागनं घालता येत न्हाय."

मी राधानगरीकडचा. आमच्या घरात कॉलेजात आलेला मी पहिलाच, त्यामुळे शहरात खोली कशी बघायची हे सांगणारं कुणी नव्हतं. वडील सोबत आले होते. मंगळवार पेठेतल्या या घरी काकांनी आम्हाला आधी जिना चढायला लावला, मग उतरायला, मग मला एकट्याला पुन्हा चढायला. वडिलांना वाटलं जिन्यात काही दोष असेल आणि तो काका आम्हाला प्रामाणिकपणे दाखवत असतील. काका म्हणाले, "पावणं, पोरगं ठेवून घेतो. पाय आपटत न्हाय आणि लपतछपत बी चढत न्हाय. मनात काय न्हाय त्याच्या." माझ्या आधी आलेल्या एका मुलाला त्यांनी दार लावण्याच्या आवाजावरून परत पाठवलं होतं, हे मला नंतर कळलं. गावी वडील अजून सांगतात की शहरात खोली मिळवायची तर फार कडक परीक्षा असते.

ही सवय त्यांना नोकरीने लावली. ते पाणीपुरवठा खात्यात होते आणि रस्त्याखालच्या पाइपातली गळती शोधायचं काम त्यांच्याकडे होतं. त्यासाठी एक लोखंडी सळई असायची. तिचं एक टोक रस्त्यावर टेकवायचं, दुसरं कानाला लावायचं आणि खाली पाणी कुठे कुजबुजतंय ते ऐकायचं. भर रस्त्यात असा वाकलेला माणूस बघून लोक थांबायचे. एक स्कूटरवाला म्हणाला होता, "काय काका, पाताळातनं फोन आलाय व्हय?" काका सळई न हलवता म्हणाले, "व्हय, तुझ्या आजोबाचा हाय. स्कूटर हळू चालीव म्हणत्यात."

दिवसा पाइप ऐकणारा हा माणूस संध्याकाळी गिटार वाजवायचा. मांडीवर आडवी ठेवून, तारांवर लोखंडी दांडी सरकवत वाजवायची ती गिटार. लग्नात, जत्रेत, गणपतीत त्यांची एक ऑर्केस्ट्रा पार्टी असायची. त्यात काका गिटारवर आणि कुरुंदवाडचे अण्णा अ‍ॅकॉर्डियनवर. बाकीची माणसं येत-जात राहिली, हे दोघे मात्र शेवटपर्यंत टिकले. कार्यक्रमाच्या शेवटी ते एक धून वाजवायचे. ती कोणत्याही सिनेमातली नाही. दोघांनी मिळून एसटीच्या प्रवासात बांधलेली आहे, आणि काकूंच्या म्हणण्याप्रमाणे तिच्यात अजून एसटीचे हिसके ऐकू येतात.

गिटारचा आवाज मोठा करायला त्यांच्याकडे एक जुना व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर आहे. त्याला घरात सगळे पेटी म्हणतात. सागवानी खोकं, वरून काळं रेक्झिन, पुढे विटलेलं कापड आणि मागून बघितलं तर आत काचेचे व्हॉल्व्ह. ते तापले की देवघरात समया लावल्यासारखे दिसतात. पार्टी बंद पडल्यावर पेटी कपाटाखाली गेली. मी राहायला आलो तेव्हा ती वर्षानुवर्षं तिथेच होती.

पेटी बाहेर आली ती अण्णांच्या फोनमुळे. अण्णांचे कान जात होते. डॉक्टरांनी सांगितलं होतं की जे गेलंय ते परत येणार नाही आणि उरलेलंही हळूहळू जाईल. यंत्र लावलं होतं, पण यंत्रात सगळंच मोठं होतं, नको ते जास्तच. अण्णा फोनवर म्हणाले, "माणसं बोलत्यात ते चिखलातनं आल्यासारखं येतंय. ऐकू येतंय तवर आपली धून एकदा त्या पेटीवर ऐकव गड्या. मग कान गेलं तर गेलं."

काकांनी त्याच दिवशी पेटी बाहेर काढली, पुसली, वाजवून बघितली (म्हणजे आधी खोकं, मग गिटार), आणि घरात असा घुमारा सुरू झाला की मी वरच्या खोलीतून धावत खाली आलो. मला वाटलं पिठाची गिरणी चालू झाली. गिटारचा सूर त्या घुमाऱ्याखाली कुठेतरी होता, पण विहिरीत पडलेल्या पोहऱ्यासारखा. काकू म्हणाल्या, "लावा, लावा. घरातलं डास तरी जातील." काकांनी मात्र पेटी बंद केली. साध्या कानाला जो घुमारा त्रास देत होता तो यंत्राच्या कानाला सगळं बुडवून टाकणार, हे त्यांना कळलं होतं.

मी इलेक्ट्रॉनिक्स घेऊन बी.एस्सी. करतो. दुसऱ्या वर्षाला आहे. तरी काका मला पहिल्या दिवसापासून इंजिनिअर म्हणतात आणि ती चूक सांगायचं धाडस मला अजून झालेलं नाही. ते म्हणाले, "इंजिनिअर, हिच्या पोटात काय झालंय सांग." मी पुस्तक आणलं, पेटीची मागची फळी उघडली आणि भीत भीत सांगितलं की फिल्टर कपॅसिटर वाळून गेलेत. ते काय असतं हे सांगायला मला आमचं धरण आठवलं. घरात येणारी वीज पावसाळ्यातल्या नदीसारखी असते, एकदा लोंढा, एकदा ओसर. कपॅसिटर ते लोंढे साठवतो आणि पुढे सारखं, शांत पाणी सोडतो. धरण गाळाने भरलं की लोंढे तसेच पुढे जातात, तो हा घुमारा. पाणीपुरवठ्यातल्या माणसाला हे फारच पटलं. मी इतकं नीट समजावू शकतो असं माझ्या प्राध्यापकांनाही कधी वाटलं नसेल. काका म्हणाले, "मग बदलू की धरण! त्यात काय?"

त्यात काय, हे पुढे कळलं. जुन्या कपॅसिटरवर बत्तीस मायक्रोफॅरड, साडेचारशे व्होल्ट असं लिहिलं होतं. काका आणि मी सुट्या भागांच्या दुकानात गेलो. दुकानदाराने काउंटरवर ठेवले ते अंगठ्याएवढे होते. जुने चांगले दंडगोलासारखे, काकडीएवढे. काकांनी त्यातला एक उचलला, कानाशी नेला आणि नखाने टिचकी मारली.

"काका," दुकानदार म्हणाला, "कलिंगड न्हाय ते."

"कळतंय मला. बद्द वाजतोय."

"कपॅसिटर बद्दच वाजतोय की! आत कागद आणि पाणी असतंय."

"एवढ्याशा पोटात साडेचारशे व्होल्ट मावतील व्हय?"

मी सांगितलं की आता तंत्र सुधारलंय, लहान आकारातही तेवढंच मावतं. काकांना ते पटलं नाही, पण ते मला वाईट वाटेल म्हणून काही बोलले नाहीत. मग त्यांना त्यावरचा आकडा दिसला. तेहतीस. हल्ली बाजारात बत्तीस मिळत नाहीत, तेहतीस मिळतात, आणि त्याने काहीही बिघडत नाही. काका म्हणाले, "बत्तीसच्या जागी तेहतीस? वरचा एक कुणासाठी?" दुकानदार वैतागून म्हणाला, "मग शंभरचा टाका की. घुमारा औषधाला उरणार न्हाय." कोल्हापूरचा दुकानदार, कमी पडेल असं काही द्यायला त्याचा हात धजत नाही. पण इतका मोठा कपॅसिटर भरताना त्या जुन्या पेटीतल्या, एसीची डीसी करणाऱ्या व्हॉल्व्हला धाप लागते, तो जळू शकतो. हे मी बोललो खरा, पण इतक्या हळू की मला स्वतःलाच पुन्हा बोलावं लागलं. काका लगेच म्हणाले, "बरोबर हाय पोराचं. नळाला झेपंल तेवढीच टाकी." आणि काहीच न घेता आम्ही परत आलो.

घरी या तेहतिसावर बरेच दिवस चर्चा चालली. काका अंगणात येणाऱ्या प्रत्येकाला विचारत. म्हशी घेऊन कट्ट्यावर दूध काढून देणाऱ्या गवळ्याला त्यांनी विचारलं. तो म्हणाला, मापाला शेर असला तरी वर धार सोडायची रीत हाय. काकांना ते चांगलं वाटलं. मग त्यांनाच शंका आली की दुधाची रीत विजेला चालेल का. शेवटी काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "माणसाच्या तोंडात बत्तीस दात असत्यात. तुमच्या तोंडात किती ऱ्हायलेत बघा, तरी माझ्या भाकरीला नाव ठेवताच की. पेटीला एक जास्त झाला तर काय गिळणार हाय ती तुम्हाला?" मला वाटलं हा प्रश्न मिटला. पण काका म्हणाले, "दात वाजवून घेतलं नव्हतं. हे घेताना तरी बघून घेऊया."

मध्ये अण्णांचा फोन यायचा. काका सांगायचे, "बघायलोय, बघायलोय. चांगलं स्थळ मिळंना." आणि अण्णा हसायचे.

मग मी भाताच्या लावणीला चार दिवस गावी गेलो. परत आलो तर काका जिन्यातच उभे होते. चेहरा असा की घरात बारसं आहे. कुणाच्या तरी बंद पडलेल्या रेडिओच्या दुकानात त्यांना जुन्या मालाचा खोका सापडला होता. त्यात खरे बत्तीसचे, खऱ्या जुन्या आकाराचे कपॅसिटर. त्यांनी एकेक कानाशी वाजवून त्यातले दोन निवडले होते आणि पेटीत स्वतः कथलाचा डाग देऊन बसवलेही होते. "बघ," ते म्हणाले, "नुसतं बघ तरी."

मी बघितलं. दोन्ही कपॅसिटर मधोमध टुम्म फुगलेले होते.

"काका, हे फुगलेत."

"फुगणारच की. बाकीची सगळी वाळल्याली, काटकुळी होती. हीच दोन तालमीतल्या पोरांसारखी निघाली. खुराक लागलेला दिसतोय का न्हाय?"

कोल्हापूरच्या माणसाला भरलेली छाती हा आजार आहे हे कसं पटवायचं, ते आमच्या कुठल्याच पुस्तकात नाही. मी म्हणालो की कपॅसिटर फुगला म्हणजे आत वायू झालाय, तो गेलेला असतो. काका म्हणाले, "पैलवान फुगतो तवा आजारी असतो व्हय?" माझं त्यांच्यापुढे चालेना. पण एक गोष्ट मी धरून ठेवली, की पेटी थेट लावायची नाही, मध्ये बल्ब जोडून लावायची. आत सगळं ठीक असेल तर बल्ब जरा उजळून मंद होतो. बिघाड असेल तर भगभगीत राहतो. काकांनी मान्य केलं, मैदानात उतरवायच्या आधी पैलवानाची कुस्ती तालमीत बघावी तसं.

बल्ब लागला. तो मंद होईना. मी "बंद करतो" म्हणेपर्यंत आतून 'फट्ट' असा आवाज झाला आणि पेटीच्या मागून पांढरा धूर निघाला. मासळी करपल्यासारखा वास सगळ्या घरात. काकू उलथनं हातात घेऊन आल्या. "काय भाजायलाय हो दोघं मिळून?"

काकांनी पंच्याने धूर हाकलला. मग म्हणाले, "मेला. पण आवाज खणखणीत दिला."

सुदैवाने बल्बमुळे बाकी काही जळलं नाही. काका मागून हात घालायला लागले तेव्हा मी पहिल्यांदा त्यांच्यावर ओरडलो, कारण पेटी बंद केली तरी कपॅसिटरमध्ये वीज साठून राहते आणि ती माणसाला फेकते. ती आधी रोधक लावून उतरवून घ्यावी लागते. ओरडल्यावर मलाच लाज वाटली. पण काका हात मागे घेऊन म्हणाले, "म्हशीवाणी म्हण की. बांधल्याली असली तरी मागनं जायाचं न्हाय."

हे सगळं मजेत चाललं असतं. पण त्याच आठवड्यात काकांनी अण्णांना फोन लावला, पैलवान कसा चीतपट झाला ते सांगायला. काका रंगवून सांगत होते आणि पलीकडून अण्णा "काय? काय म्हणालास?" एवढंच म्हणत होते. काकांनी आवाज वाढवला. मग आणखी वाढवला. पेठेतली माणसं खिडकीतून डोकावली. 'फट्ट' हा शब्द त्यांनी इतक्या वेळा, इतक्या मोठ्यांदा सांगितला की तो विनोद राहिला नाही. मग पलीकडे अण्णांची सून बोलायला लागली. ती म्हणाली, "मामांजींना फोनवरचं आता न्हाय कळत, काका. काय निरोप असला तर मला सांगा." काका म्हणाले, "न्हाय, न्हाय. काय विशेष न्हवतं." आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधी आम्ही दुकानासमोर उभे होतो. दुकानदाराने शटर वर केलं, काकांना बघितलं आणि सुस्कारा टाकला. काका म्हणाले, "तेहतीसचं दोन दे. साडेचारशे व्होल्ट."

"वाजवून बघत न्हाईसा?"

"गप दे की मर्दा."

कपॅसिटर मी बसवले. अधिक-उण्याची बाजू तीनतीनदा तपासली, कारण ती उलटी झाली तर पुन्हा तेच. काकांनी टॉर्च धरला होता. मग बल्ब लावून पेटी चालू केली. बल्ब उजळला आणि हळूहळू अगदी मंद झाला. व्हॉल्व्ह तापले. काहीच ऐकू येईना. काकांना वाटलं पेटी कायमची गेली. त्यांनी पुढच्या कापडाला कान लावला आणि हात लांब करून गिटारची एक तार छेडली. सूर इतका स्वच्छ आला की ते दचकून मागे सरले. मग मान खाली घालून ते किती तरी वेळ नाक पुसत राहिले. म्हणाले, "धुराचा वास अजून गेला न्हाय घरातला."

अण्णा रविवारी आले. मुलाने त्यांना दारात सोडलं. उंच, पांढऱ्या मिशांचे, कानात यंत्र. आल्या आल्या काकांना म्हणाले, "म्हातारा झालास की लेका!" काका म्हणाले, "तू काय तालमीत निघालायस व्हय?" हे त्यांना ऐकू आलं की नाही कळलं नाही, पण ते हसले. त्यांना पेटीसमोर खुर्चीत बसवलं. काकू स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहिल्या. मी त्यांच्या शेजारी, कोपऱ्यात.

काकांनी ती धून सुरू केली. मला गाण्यातलं काही कळत नाही, पण ती खरंच एसटीसारखी होती, मध्येच चढणारी, मध्येच वळणारी. अण्णा डोळे मिटून मान डोलवत होते. मधल्या एका जागी काकूंनी चमकून काकांकडे बघितलं आणि माझ्याजवळ हळूच म्हणाल्या, "हे हितं कधी चुकत न्हाईत." मी काकांकडे बघितलं. ते तारांकडे बघत नव्हतेच, अण्णांच्या चेहऱ्याकडे बघत होते. ती ओळ पुन्हा आली, त्याच जागी ते पुन्हा चुकले. तेव्हा मला कळलं. ते मुद्दाम चुकत होते. आपला सूर अण्णांपर्यंत पोहोचतोय का, हे त्यांना दुसऱ्या कोणत्या मार्गाने विचारता येत नव्हतं.

अण्णांची मान तशीच डोलत राहिली. चेहऱ्यावरचं हसू हललं नाही. धून संपली. "झकास," अण्णा म्हणाले, "झकास वाजलं." काकांनी गिटार मांडीवरून खाली ठेवली. इतका म्हातारा झालेला त्यांचा चेहरा मी आधी बघितला नव्हता.

काकूंनी चहा आणला. मी कप द्यायला पुढे झालो तेव्हा अण्णांनी मला नीट निरखलं आणि काकांना विचारलं, "ह्यो कोण?"

"भाडेकरू. इंजिनिअर हाय. पेटी ह्यानंच केली."

"असं व्हय," अण्णा म्हणाले. माझी पाठ थोपटली. आणि मी कप देऊन वळलो तसे ते काकांकडे वाकून, त्यांना वाटत होतं की हळू, पण सबंध घराला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "त्या वळणावर दोनदा माती खाल्लीस की रं. पावणं बसल्यात म्हणून गप ऱ्हायलो. लोकांसमोर जोडीदाराची चूक काढायची न्हाय, असं ठरलंय न्हवं आपलं?"

काकांच्या बशीतला चहा धोतरावर सांडला. माणूस बक्षीस मिळाल्यावर हसतो तसे ते हसत होते. "चुकलो," ते म्हणाले. मग मोठ्याने, "चुकलो म्हणतोय!" जन्मात पापडाच्या बाबतीतसुद्धा चूक कबूल न करणारा माणूस.

"परत वाजव," अण्णा म्हणाले, "आणि ह्या पावण्याला भायेर घालव. म्हंजे मला बोलता येईल."

मी आणि काकू जिन्यात जाऊन बसलो. आतून धून सुरू झाली. त्या वळणाशी आली आणि अण्णांचा आवाज आला, "चुकलास!" पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली. पुन्हा, "चुकलास!" काकू पदर तोंडाला लावून हसत होत्या आणि डोळे पुसत होत्या. म्हणाल्या, "अण्णाला बी कळलंय, हे मुद्दाम करत्यात ते."

आता अण्णा दर महिन्याला येतात. ते आले की मी आपला जिन्यात जाऊन बसतो, कुणाला सांगावं लागत नाही. धून त्या वळणाशी येते, काका चुकतात आणि मी तो शब्द यायची वाट बघतो. अलीकडे तो यायला जरा वेळ लागतो. काका तेवढा वेळ पुढे जात नाहीत. तोच चुकलेला सूर पुन्हा पुन्हा छेडत, तिथेच थांबून राहतात.